वेबसाइटवर जन्मलेलं लेकरू

मी थापा मारतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे रामायण झालं ते ह्याच एका गुणापायी झालं, आणि मागाहून कोणी म्हणायला नको की बाप्पा, आम्हाला अंधारात ठेवलं. अमरावतीत तीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. ह्या धंद्यात थापेशिवाय पान हलत नाही. नवरदेव ठेंगणा असला तर "साहेब, कॅमेऱ्यात लय उंच दिसता" म्हणावं लागतं. नवरीचा मामा स्टेजवरून हलायलाच तयार नसला तर "मामा, तुमचा चेहरा एक नंबर, पण तिकडे जिलेबी संपून राहिली" म्हणावं लागतं. इतक्या वर्षांत माझ्या थापेनं कोणाचं वाकडं झालं नव्हतं. मग मी वेबसाइट काढली, आणि तिच्यापायी तिवशाच्या एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली.

वेबसाइटचं खूळ माझं नव्हे, बायकोचं. एका रविवारी एक जोडपं स्टुडिओत आलं. पोट्टी मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "अंकल, तुमची वेबसाइट सांगा न, आमी घरी पाहून घेतो." मी समोर उभा, भिंतीवर माझे शंभर-दीडशे फोटो टांगलेले, आणि हिला पाहायचं मोबाइलमध्ये! मी म्हटलं, "वेबसाइट नाही, मी हाओ. मलेच पाहून घे." ती दोघं जी गेली ती गेलीच. बायको आतून म्हणाली, "तुमाले पाहूनच तं लोक पळून राहिले. आता वेबसाइटच काढा, म्हणजे तोंड तरी लपन."

ज्या चाचांच्या दुकानात माझ्या फोटोंना वर्षानुवर्षं फ्रेमा बसतात, त्यांची मुलगी वेबसाइट बनवायचं काम करते. कॉम्प्युटरचं शिकलेली, हुशार, आणि जिभेला अमरावतीचं पाणी लागलेली. मी तिला माझी कल्पना सांगितली. वेबसाइट उघडली की सनई वाजली पाहिजे, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या पाहिजेत, मधोमध मी, गळ्यात दोन कॅमेरे, आणि माझ्याभोवती गोल फिरणारी सोनेरी अक्षरं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंकल, ये वेबसाइट है के डीजे की गाडी?"

मग तिनं मला धडा दिला. पोराचं लग्न ठरलेल्या आईला माझे कॅमेरे किती, हे पाहायचं नसतं. तिला त्यात स्वतःच्या घरचं लग्न दिसलं पाहिजे. पहिला फोटो एकच, मोठा, आणि तो पाहून माणसाचं बोट थांबलं पाहिजे. तिनं माझे सगळे नामांकित फोटो कचऱ्यात काढले. चिखलदऱ्याच्या धुक्यात काळा चष्मा लावून उभा नवरदेव गेला. रंगीत धूर गेला. नवरीला नवरदेवाच्या तळहातावर उभं केलेला फोटो पाहून तर तिनं कपाळाला हात लावला. त्या फोटोवर मला अर्धा जिल्हा ओळखतो! मी चिडलो, "मंग तूच निवड. हे घे हार्ड डिस्क, अन् बस शोधत."

दोन दिवस ती शोधत बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "अंकल, लाइट बिल के फोल्डर में ये लडकी कौन है?"

माझी पाचावर धारण बसली.

ती तिवशाची पोरगी. दोन वर्षांपूर्वी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, वरूडकडच्या एका पोराशी झालं होतं. पोराकडच्यांचा शेंदूरजनाघाटला संत्र्याचा बगीचा होता, तर प्री-वेडिंगचे फोटो तिथंच काढायचे ठरले. त्या दिवशी मी चारशेच्या वर फोटो काढले असतील, पण तो एक निघाला तसा ना आधी कधी निघाला, ना नंतर. तसे त्यात दोषच दोष. तोंडावर उन्हाचे ठिपके, फोकस किंचित हललेला. पोरीचे डोळे मिटलेले, मान मागे टाकलेली, हातातलं सोललेलं संत्रं पिळलं गेलेलं आणि रस कोपरापर्यंत आलेला. दात दाखवून तर सगळ्याच नवऱ्या हसतात. ही पोटातून हसत होती.

महिन्याभरात सोयरीक तुटली. काहून तुटली ते मला विचारू नका. दोन्ही घरं वेगवेगळं सांगत आणि दोन्ही घरं आपापल्या जागी सज्जन. आमच्याकडे सोयरीक तुटली की घेतलं-दिलं परत करायला बैठक बसते. साड्या गेल्या, अंगठी गेली, शालू गेला, पोराचा सूट गेला. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की फोटोचं काय? ही अडचण वाडवडिलांच्या वेळी नव्हती, त्यामुळे रीतही ठरलेली नव्हती. शेवटी दोन्हीकडची आठ बुजुर्ग माणसं माझ्या स्टुडिओत येऊन बसली. चहा झाला. पोराच्या काकांनी तोडगा काढला: पोरगी एकटी असलेले फोटो पोरीकडे, पोरगा एकटा असलेले पोराकडे, आणि जोडीचे सगळ्यांसमोर पुसून टाकायचे. ड्रोनच्या व्हिडिओवर अर्धा तास वाद झाला, कारण त्यात दोघं मुंगीएवढे दिसत होते आणि कोणती मुंगी कोणाची हे ठरेना. तोही पुसला.

मी त्या आठ जणांसमोर बटण दाबलं आणि छातीवर हात ठेवून म्हटलं, "पुसले. आता ब्रह्मदेवालेही सापडत नाही." तेव्हा तो फोटो माझ्या दुसऱ्या हार्ड डिस्कमध्ये लाइट बिलाच्या कागदांत लपून बसला होता. त्यात पोरीच्या खांद्यावर त्या पोराचा हात होता, म्हणजे ठरलेल्या रीतीप्रमाणे तो जोडीचा फोटो, जायलाच पाहिजे होता. पण माझ्यानं होईना. आयुष्यात एकदा हातून असं काही निघतं. तुम्ही टाकलं असतं का?

चाचांच्या मुलीला मी ह्यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, "हाये एक जुनं गिऱ्हाईक." ती म्हणाली, "बस, पहिला फोटो हाच. अब इसकी कहानी बोलो." मी विचारलं, कसली कहाणी? तर म्हणे, आजकाल लोकांना नुसता फोटो पुरत नाही. खाली चार ओळी पाहिजेत, हे दोघं कोण, कसे भेटले, आता कसे आहेत. तेवढ्यानं लोकांचा भरवसा बसतो.

आता ज्याला चार ओळी मागितल्या की आठ सुचतात अशा माणसाला कोणी कहाणी मागावी का? आ बैल मुझे मार! मी खुर्चीत रेलून सांगत गेलो आणि ती टाइप करत गेली. कॉलेजातली ओळख, संत्र्याच्या झाडाखाली घातलेली लग्नाची मागणी, दोन्ही घरांचा आनंदानं होकार. "आज हे जोडपं पुण्यात सुखानं नांदत असून त्यांच्या घरी नुकतीच एक गोड परी आली आहे." तिनं हात थांबवले. "अंकल, पक्का?"

"पक्कं म्हणजे? बारशाचे फोटोही मीच काढले!"

वेबसाइट सुरू झाली आणि खरंच, बाप्पा, फोन यायला लागले. धामणगावहून आला, परतवाड्याहून आला, वाशीमहून आला. सगळ्यांचं एकच म्हणणं: "ते संत्रावाली पोरगी हाये न, तसे फोटो पाहिजेत." मी गल्लीतून छाती काढून चालायला लागलो. बायकोनंही चहा मागायच्या आधी द्यायला सुरुवात केली.

मग एका सकाळी अकोल्याहून एका तरुणाचा फोन आला. आवाज शांत, बोलणं अदबीचं. त्याचं लग्न ठरलं होतं, लग्न अमरावतीला करायचं होतं, म्हणून इथला फोटोग्राफर शोधत होता. "तुमच्या वेबसाइटवर पहिला फोटो आहे, त्या मुलीबद्दल विचारायचं होतं," तो म्हणाला. "तिचं खरंच लग्न झालं आहे?"

इथं शहाण्या माणसाला शंका आली असती. पण मला वाटलं, गिऱ्हाईक खात्री करून घेतंय. मी सुटलोच. "झालं म्हणजे? काय जोडी होती साहेब! लग्नात मायबाप रडले, मी रडलो, बँडवाले रडले! आता पोरगी रांगाले लागली त्यायची. परवाच फोन होता, काका, वाढदिवसाले या म्हणून."

मग तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपारी तिवशाहून पोरीचे वडील स्टुडिओत आले. कास्तकार माणूस, बैठकीत सगळ्यांत कमी बोलला होता तो हाच. आताही आवाज चढवला नाही. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं, आणि मी खुर्चीत बसलोय की जमिनीत चाललोय हे मला कळेना. दोन वर्षांनी पोरीचं अकोल्याला ठरलं होतं. पहिलं साक्षगंध होऊन तुटलं, हे त्यांनी पहिल्याच भेटीत अकोल्याच्या लोकांना स्वतःहून सांगितलं होतं. ते लोक चांगले, म्हणाले, होतं असं. आणि आज नवरदेवानं फोटोग्राफर शोधायला मोबाइल उघडला, तर त्याची होणारी बायको पुण्यात नांदत होती आणि तिच्या कडेवर लेकरू होतं. वर फोटोग्राफरानं फोनवर शपथेवर सांगितलं. आता अकोल्याचे म्हणत होते, तुम्ही तुटलेल्या साक्षगंधाच्या नावाखाली झालेलं लग्न लपवलं.

"मी त्या लोकायले खरं सांगितलं होतं," ते म्हणाले. "अन् तुह्या खोट्यापायी मी खोटा पडलो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मला लाज वाटली. आयुष्यात फार वेळा वाटलेली नाही, म्हणून लगेच ओळखता आली. मी चाचांच्या मुलीला बोलावलं. खरं कळल्यावर तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. म्हणाली, "अंकल, लेकरू तरी नव्हतं पाहिजे." मग तिनं फोटो वेबसाइटवरून काढला, तिच्या लॅपटॉपातून काढला, माझ्या मोबाइलमधून काढला. दोन्ही हार्ड डिस्का मी स्वतः तिच्यापुढे सरकवल्या आणि तिसरीही, जी आहे हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. लपवलेला एकही राहू दिला नाही. शेवटचा पुसण्याआधी तिनं पोरीच्या वडिलांना विचारलं, "काकाजी, एकदा बघता का?" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "मले नाही पाहाचा. पुसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गाडीत बसवून अकोल्याला नेलं. नवरदेवाची आई शाळेत मुख्याध्यापिका होती, हे घरात पाय टाकल्याबरोबर समजलं. आम्हाला बसायला सांगितलं, पण बसल्यावर वाटलं की उभंच असायला हवं होतं. आलूपोह्यांच्या बशा समोर आल्या आणि तशाच राहिल्या. बोलणं मिटल्याशिवाय अशा घरी घास उचलत नाहीत. पोरीचे वडील सोफ्याच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून बसले होते. चोरी मी केलेली आणि मान त्यांची खाली. मला ते पाहवत नव्हतं.

"लग्न झालं होतं का?" मुख्याध्यापिकाबाईंनी मला विचारलं.

"नाही म्याडम."

"मग पुणं?"

"पुणंही नाही."

"आणि लेकरू?"

"ते मी... म्हणजे लिहिलं मी."

"बारशाचे फोटो काढले म्हणे तुम्ही."

"लेकरूच नाही, तं बारसं कोठून असन म्याडम?"

"हेच मी तुम्हाला विचारतेय!"

मी सगळं ओकलो. बैठक, मुंग्या, लाइट बिल, फोनवरचा बँड. कानाला हात लावून सांगितलं की ह्या माणसानं तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं तेवढंच खरं, बाकी सगळी माझी करणी. बाईंनी चष्मा काढून पुसला. एवढा मोठा गाढव स्वतःहून गाढवपणा कबूल करतोय म्हणजे खरं असावं, असं त्यांना पटलेलं दिसलं. पण नवरदेव, जो इतका वेळ दाराशी उभा होता, त्याचं काही सुटलं नव्हतं.

"लग्न खोटं, लेकरू खोटं, मानलं मी," तो म्हणाला. "पण ते हसणं तर तुम्ही लिहिलं नाही न? चार महिने झाले आमचं ठरून. आम्ही भेटतो, फोनवर बोलतो. ती माझ्यासमोर तशी एकदाही हसली नाही. खांद्यावर त्याचा हात आहे आणि ती तशी हसते आहे. मी काय समजू?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "साहेब, ते त्याच्यासाठी हसत नव्हती. मी पडलो होतो."

"झाली सुरू!" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

आता घ्या! तीस वर्षं थापा पचल्या आणि एक खरी गोष्ट सांगायला गेलो तर कोणी घेईना. मी आईची शपथ घेतली, अंबादेवीची घेतली. बाईंची भुवई वर चढली ती खाली येईना. शेवटी नवरदेवानं खिशातून मोबाइल काढला, पोरीला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. इथं सगळे बसलेत, असं आधी सांगितलं. ती नुसतं "हो" म्हणाली. रात्रभर रडलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "त्या बगीच्यातल्या फोटोत तू काहून हसत होतीस?"

पोरीच्या वडिलांनी डोळे मिटले.

"तो फोटोग्राफर न," ती हळूच म्हणाली, "उलटा चालून राहिला होता. नजर माह्याकडे, नजर माह्याकडे, करत. अन् मागं संत्र्याच्या झाडाचं आळं, पाण्यानं भरेल. त्यात गेला तो ढुंगणावर. पाय वर, कॅमेरा वर..." तिचा आवाज हलायला लागला. "अन् चिखलात पडल्या पडल्या बटण दाबते अन् मलेच ओरडते, 'स्माइल! म्याडम, स्माइल!'" आणि ती फुटली. हसू दाबायला गेली तर जास्तच आलं. मध्येच म्हणाली, "अन् ते बाजूचे, खांद्यावर हात ठेवेल, ते म्हणे, साडीवर शिंतोडे उडाले, यात हसासारखं काय हाये," आणि पुन्हा हसत सुटली, खोकला येईपर्यंत.

नवरदेव टेबलाजवळ खाली बसला आणि त्या मोबाइलकडे बघत राहिला. मग तोही हसायला लागला. त्याची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "खरंच पडले होते तुम्ही?" मी म्हटलं, "कंबर अजून दुखते म्याडम." त्यांनी पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. "गार झाले. पण खा."

निघताना नवरदेव मला म्हणाला, "काका, लग्नाला नक्की या. जेवायला या. कॅमेरा घरी ठेवा, फोटोग्राफर आम्ही अकोल्याचा पाहतो."

परतीला मी पोरीच्या वडिलांच्या शेजारी पुढं बसलो होतो. गाडी तेच चालवत होते. मूर्तिजापूर मागं पडल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"तो फोटो..."

"पुसला भाऊ. तुमच्यासमोरच पुसला."

"समोर तं बैठकीतही पुसला होता."

मी काचेबाहेर पाहू लागलो.

"घरात ते हसते, नाही असं नाही," ते म्हणाले. "पण आज फोनवर हसली तशी... दोन वर्सं झाले, मी ऐकलं नव्हतं. माह्या ध्यानातच नव्हतं का ते अशी हसत जाय. काल तुमच्या त्या कॉम्प्युटरवाल्या पोरीनं म्हटलं पाहा, तं मी रागात होतो." मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमी एखादा ठेवला असंन न कोठीतरी?"

सारं आयुष्य थापा मारल्या, हातचं राखून ठेवलं, आणि एकदाच दिलेला शब्द पाळला होता. मला वाटलं, गाडीच्या दारावर डोकं आपटून घ्यावं.

"नाही भाऊ," मी म्हटलं. "या खेपेस खरंच पुसला."

"खोटं बोलून राहिले तुमी," ते म्हणाले, आणि रस्ता सोडून माझ्या तोंडाकडे आशेनं पाहत राहिले.